भूमिका असलेला माणूस: जीन हॅकमनचा अभिनय



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात प्रश्न आला असेल की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांनी एका अमेरिकन सिनेमानटावर तासभर का बोलावं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या मराठीतल्या एका शब्दात आहे, म्हणून सुरुवात त्या शब्दापासूनच करू.

तो शब्द म्हणजे 'भूमिका'. नट रंगमंचावर जे पात्र उभं करतो त्याला आपण भूमिका म्हणतो. आणि एखाद्या वादात माणूस जी बाजू धरून बसतो तिलाही भूमिकाच म्हणतो. 'या नाटकात त्यांची भूमिका फार छोटी होती' आणि 'या प्रश्नावर पक्षाने आपली भूमिका स्पष्ट करावी' ही दोन्ही वाक्यं आपण एकाच शब्दाने भागवतो, आणि त्यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटतही नाही. शब्दाच्या मुळाशी भूमी आहे. पाय रोवून उभं राहायची जागा, असा अर्थ घेतला तर दोन्ही वापर एकमेकांशेजारी येऊन बसतात. पात्र म्हणजे कोण? जो कुठल्यातरी जागेवर उभा राहून जग पाहतो तो.

आज आपण ज्या नटाविषयी बोलणार आहोत, त्या जीन हॅकमनने हे दोन अर्थ एक करून दाखवले असं आमचं म्हणणं आहे. त्याची माणसं, विशेषतः त्याची वाईट माणसं, त्यांच्या जागेवरून पाहिलं तर अगदी बरोबर असतात. त्यांना स्वतःबद्दल शंका नसते. आणि नेमकी म्हणूनच ती भयंकर वाटतात. ही गोष्ट नीतिशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, आणि तिच्यात एक धोकाही आहे. त्या धोक्याकडे आपण शेवटी येऊ.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हॅकमन गेला, तेव्हा वयाची पंचाण्णव वर्षं पूर्ण झाली होती. सांता फे इथल्या घरात तो आणि त्याची पत्नी बेट्सी अराकावा, दोघंही मृतावस्थेत सापडली. त्यावर जगभरच्या वर्तमानपत्रांनी जे रकाने भरले ते आपण वाचले आहेत. तिकडे आपण जाणार नाही. माणूस कसा गेला यापेक्षा त्याने काय करून ठेवलं, हा आपला विषय.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म ३० जानेवारी १९३०, कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो. बालपण मात्र गेलं इलिनॉय राज्यातल्या डॅनव्हिल या गावात, आजीच्या घरी. वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात कामाला. हॅकमन तेरा वर्षांचा असताना एके दिवशी तो रस्त्यावर खेळत होता. वडील गाडीतून जवळून गेले, जाता जाता त्यांनी हात हलवला, आणि ते घर सोडून गेले. बोलणं नाही, निरोप नाही. नुसता हात. हॅकमनने पुढे मुलाखतींतून हा प्रसंग अनेकदा सांगितला. एका लहानशा हालचालीत केवढा अर्थ मावू शकतो ते आपल्याला त्या दिवशी कळलं, अशा आशयाचं तो बोलला आहे. सत्तरी ओलांडल्यावरही हे सांगताना त्याचा आवाज भरून येत असे. हा हलवलेला हात लक्षात ठेवा, तो आपल्याला पुन्हा लागणार आहे.

सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून तो मरीन दलात भरती झाला. चीनमध्ये रेडिओवर काम केलं. परत आल्यावर इकडेतिकडे धडपडला आणि पंचविशी उलटून गेल्यावर कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना प्लेहाउस या नाट्यशाळेत दाखल झाला. तिथे त्याचा दोस्त होता डस्टिन हॉफमन. बरोबरच्या विद्यार्थ्यांनी या दोघांना 'यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत कमी' असं ठरवून टाकलं होतं. पुढे न्यूयॉर्क. दारवान, सामान उचलणारा, मिळेल ते काम. हॉफमन, रॉबर्ट डुव्हाल आणि हा, तिघांची उमेदवारी तिथे बरोबर चालली होती. १९६२ मध्ये घराला लागलेल्या आगीत आई गेली, मुलाचं यश तिने पाहिलं नाही. १९६७ मध्ये 'बॉनी अँड क्लाइड' आला, त्यात क्लाइडच्या थोरल्या भावाचं काम केलं आणि ऑस्करसाठी नामांकन मिळालं. तेव्हा वय सदतीस. त्याच वर्षीच्या 'द ग्रॅज्युएट'मधून मात्र तालमी चालू असताना त्याला काढून टाकलं होतं. ज्या वयात सिनेमातला नायक उताराला लागतो, त्या वयात याची सुरुवात झाली.

याचा एक फायदा झाला. हा नट पडद्यावर कधी तरुण नव्हताच. रुंद कपाळ, मागे सरकलेले केस, साधं नाक, बारीक डोळे. बँकेतल्या काउंटरमागे किंवा रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसलेला माणूस दिसावा तसा चेहरा. देखण्या नटाला प्रेक्षक आधीच माफ करून बसलेला असतो. याला अशी माफी नव्हती. जे मिळवायचं ते त्या पात्राच्या खात्रीतून मिळवायचं.

आता आपण एक जुना प्रश्न घेऊ. माणूस वाईट का वागतो? सॉक्रेटिस म्हणतो, जाणूनबुजून कोणी वाईट करत नाही, चांगलं काय ते त्याला कळलेलं नसतं. म्हणजे दोष अज्ञानाचा. याच्या उलट बाजूला आपल्याकडचा दुर्योधन. त्याच्या तोंडी घातलेला श्लोक प्रसिद्ध आहे. धर्म काय ते मला माहीत आहे, पण तिकडे माझी प्रवृत्ती होत नाही, असा त्याचा आशय. आपण घरात मुलांना म्हणतो तेच: कळतं पण वळत नाही. ॲरिस्टॉटलनेही या दुबळेपणाचा स्वतंत्र विचार केला. वर्षानुवर्षं आम्ही वर्गात फळ्याच्या एका बाजूला 'कळत नाही' आणि दुसऱ्या बाजूला 'कळतं पण वळत नाही' असं लिहून विषय संपवत असू.

हॅकमनचे सिनेमे पुन्हा पाहताना आम्हाला जाणवलं की फळ्यावर तिसरा रकाना हवा होता. 'आपल्याला कळलंच आहे' अशी पक्की खात्री असलेला माणूस. हा अज्ञानी नाही, त्याच्याकडे माहिती भरपूर आहे. तो दुबळाही नाही, ठरवलं ते तो तडीस नेतो. फक्त स्वतःकडे पाहायची त्याला गरज वाटत नाही. जगातला बराच मोठा अन्याय या तिसऱ्या माणसाच्या हातून होतो. हॅकमनने आयुष्यभर हा माणूस उभा केला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

पहिलं उदाहरण 'द फ्रेंच कनेक्शन', १९७१. दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन. यातला पोपाय डॉयल न्यूयॉर्कच्या अमली पदार्थविरोधी पथकातला पोलीस. एडी इगन या खऱ्या पोलिसावर तो बेतलेला होता, आणि इगन स्वतः सिनेमात डॉयलच्या वरिष्ठाच्या कामात आहे. डॉयल वंशद्वेष्टा आहे, शिवराळ आहे, संशयितांना झोडपतो. हॅकमनला हे काम सुरुवातीला जड गेलं. समोरच्याला थोबाडीत मारायची, तोंडून वंशद्वेषी शब्द काढायचे, हे त्याला जमेना. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसांत सोडून जावं असं त्याच्या मनात होतं. हे फ्रिडकिननेही सांगितलं आहे आणि त्यानेही.

मग त्याने काय केलं? डॉयलचा राग तसाच ठेवला आणि त्याची चिकाटी पुढे आणली. एक प्रसंग आठवा. गुन्हेगारांचा म्होरक्या शार्निए उबदार हॉटेलात बसून सावकाश, चवीने जेवतो आहे. समोर फुटपाथवर कडाक्याच्या थंडीत डॉयल उभा आहे. हातात पिझ्झाचा तुकडा आणि कागदी पेल्यात कॉफी. एक घोट घेतो आणि उरलेली ओतून देतो. संवाद जवळजवळ नाही. पण त्या ओतून देण्यात सगळी भूमिका आहे, दोन्ही अर्थांनी. मी थंडीत आहे आणि तो आत आहे, म्हणून मी बरोबर आहे. त्याच्या न्यायाची व्याख्या एवढीच. कष्ट करणाऱ्याला आपले कष्ट हेच आपल्या बाजूचं प्रमाण वाटायला लागतं. हे आपल्यालाही अपरिचित नाही.

शेवटी एका पडक्या इमारतीत डॉयल चुकून आपल्याच बाजूच्या सरकारी अधिकाऱ्याला गोळी घालतो. खाली पाहतो, माणूस मेलेला आहे. डॉयल थांबत नाही. पिस्तुलात गोळ्या भरतो आणि पुढच्या अंधारात पळत जातो. हॅकमनने तिथे चेहऱ्यावर पश्चात्ताप आणला असता तर प्रेक्षकाला बरं वाटलं असतं. त्याने आणला नाही. या कामासाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं.

दुसरं उदाहरण अगदी उलट प्रकृतीचं, आणि आमच्या मते त्याचं सर्वांत खोल काम. 'द कॉन्व्हर्सेशन', १९७४, दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला. कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक या सिनेमाला मिळालं. यातला हॅरी कॉल दुसऱ्यांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करणारा तंत्रज्ञ. आपल्या धंद्यात अव्वल. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये, भर गर्दीत फिरणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं तो टिपतो. ते काय बोलतात याच्याशी त्याला कर्तव्य नाही, ध्वनिमुद्रण स्वच्छ आलं पाहिजे एवढंच. सहकाऱ्याने उत्सुकता दाखवली तर तो चिडतो. ही त्याची भूमिका: मी फक्त माझं काम करतो.

हे वाक्य आपण किती ठिकाणी ऐकतो! कचेरीत, बँकेत, परीक्षा विभागात. आम्ही शिक्षकांनीही ते म्हटलेलं आहे. पण हॅरीच्या पूर्वीच्या एका कामातून एक हिशेबनीस, त्याची बायको आणि मूल यांचा खून झालेला आहे. हॅरी ती जबाबदारी नाकारतो आणि त्याच वेळी कबुलीजबाबासाठी चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकतो. म्हणजे आत कुठेतरी त्याला माहीत आहे.

आता ते ध्वनिमुद्रण तो पुन्हा पुन्हा ऐकतो. गोंगाटाखालून एक वाक्य वर येतं. आशय असा की संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल. हॅरीला वाटतं, हे घाबरलेलं जोडपं आहे, त्यांचा जीव वाचवला पाहिजे. शेवटी उलगडतं की वाक्यातला जोर 'मारून टाकेल' यावर नव्हताच, 'आपल्याला' यावर होता. तो आपल्याला मारेल, म्हणून आपण त्याला आधी मारू. मराठीत हे वाक्य दोन्ही प्रकारे म्हणून पाहा. शब्द तेच राहतात, अर्थ पार उलटतो. जगातला उत्तम ऐकणारा माणूस, त्याने शब्दन् शब्द अचूक टिपला, आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही. ध्वनिसंकलक वॉल्टर मर्च यांचं या सिनेमातलं काम आजही अभ्यासलं जातं ते उगाच नाही.

या सिनेमात हॅकमनची अडचण अशी की पात्र बोलत नाही, मोकळं होत नाही, प्रेयसीलाही आपला पत्ता नीट लागू देत नाही. बंद दार कसं अभिनयायचं? त्याने ते ऐकण्याच्या क्रियेतून केलं. पडद्यावर बराच वेळ आपण एका माणसाला ऐकताना पाहतो. मान किंचित वाकडी, चष्म्यामागचे डोळे कुठेच न बघणारे, बोट यंत्राच्या कळीवर. पाऊस नसतानाही अंगात तो पातळ, आरपार दिसणारा रेनकोट. आणि शेवटी, आपल्याच घरात कोणीतरी ध्वनिग्राहक लपवला आहे असं कळल्यावर तो घर उकलत जातो. भिंतीचा कागद, जमिनीच्या फळ्या. मेरीमातेची छोटी मूर्ती हातात घेतो, तिथे अडखळतो, आणि मग तीही फोडतो. ध्वनिग्राहक सापडत नाही. उद्ध्वस्त खोलीत बसून तो सॅक्सोफोन वाजवतो. आपली भूमिका उकलून पाहायची वेळ आली की माणसाला उभं राहायला जमीनच उरत नाही, असा या प्रसंगाचा अर्थ आम्ही लावतो. हॅरी हा हॅकमनच्या माणसांतला एक दुर्मीळ माणूस, ज्याने ती उकलली. म्हणून तो मोडला.

हे दोन सिनेमे एकत्र ठेवले की प्रश्न उभा राहतो. एखाद्या माणसाची बाजू इतक्या आतून दाखवली, तर आपण त्याला सोडून देतो का? समजून घेणं आणि माफ करणं यांत अंतर किती? याच धोक्याचा उल्लेख आम्ही सुरुवातीला केला.

धोका खरा आहे, आणि तो हॅकमनच्याच एका गाजलेल्या कामात दिसतो. 'मिसिसिपी बर्निंग', १९८८, दिग्दर्शक ॲलन पार्कर. १९६४ मध्ये मिसिसिपीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचे खून झाले. त्या घटनेवर आधारलेली ही कथा. हॅकमन एफबीआयच्या अधिकाऱ्याच्या कामात आहे. दक्षिणेतलाच माणूस, पूर्वी तिथेच शेरीफ असलेला. एका प्रसंगात तो आपल्या वडिलांची गोष्ट सांगतो. शेजारच्या काळ्या शेतकऱ्याने कष्टाने खेचर विकत घेतलं. लोक त्याची वाखाणणी करायला लागले. एके दिवशी खेचर मेलं. वडिलांनी त्याला विष घातलं होतं. गरिबीने पिचलेल्या माणसाला आपल्यापेक्षा खाली कोणीतरी लागतंच, हे त्या गोष्टीचं सार. हॅकमन ती अशी सांगतो की वडिलांची लाजही वाटते आहे आणि वडिलांवरची मायाही गेलेली नाही. वंशद्वेषाचं इतकं अचूक निदान सिनेमात क्वचित झालं असेल.

पण सिनेमाचं काय? काळ्या माणसांच्या लढ्याच्या या कथेत काळी माणसं जवळजवळ मुकी आहेत. ती मार खातात, रडतात, चर्चमध्ये गातात. लढतात आणि जिंकतात ते एफबीआयचे दोन गोरे अधिकारी. वास्तविक त्याच काळात एफबीआय मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हॉटेलातल्या खोल्यांत ध्वनिग्राहक लपवत होती. हॅरी कॉलची जातकुळीच ती! कोरेटा स्कॉट किंग यांच्यासह अनेकांनी या सिनेमावर टीका केली, आणि ती योग्य होती. आमचं म्हणणं यापुढे जाऊन असं आहे की हा खोटेपणा पचला याचं एक कारण हॅकमनचा अभिनय. न्हाव्याच्या दुकानात तो गुंड डेप्युटीला वस्तऱ्याखाली धरतो तेव्हा प्रेक्षक सुखावतो. कायदा मोडणारा पोलीस आपला वाटायला लागतो. पोपाय डॉयलच्या वेळी जी अस्वस्थता होती ती इथे नाही. नट तोच, ताकद तीच. पण सिनेमानेच त्या माणसाला तपासायचं सोडून दिलं, की नटाची ताकद चुकीच्या कामी येते. नटाने भूमिका आतून उभी करावी. पण त्या भूमिकेसमोर दुसरी भूमिका उभी करणं ही लेखक-दिग्दर्शकाची जबाबदारी. नाहीतर सुनावणी एकतर्फी होते.

हॅकमनलाही हिंसक कामांचा कंटाळा येऊ लागला होता. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' या कादंबरीच्या हक्कांत त्याचा वाटा होता, आणि पुढे त्याने त्यातून अंग काढून घेतलं. क्लिंट ईस्टवुडने 'अनफरगिव्हन'साठी विचारलं तेव्हा प्रथम तो नाही म्हणाला. हा सिनेमा हिंसेचा गौरव करणारा नाही, हे ईस्टवुडने पटवल्यावर तयार झाला. १९९२ मध्ये तो सिनेमा आला, हॅकमनला दुसरं ऑस्कर मिळालं, आणि आपला तिसऱ्या रकान्यातला माणूस पूर्णपणे उभा राहिला.

लिटल बिल डॅगेट हा वायोमिंगमधल्या बिग व्हिस्की या गावाचा शेरीफ. गावात बंदुका आणायच्या नाहीत असा त्याचा नियम. ऐकायला किती शहाणपणाचा! एका वेश्येचा चेहरा दोन गुराखी चाकूने विद्रूप करतात. लिटल बिल निवाडा काय देतो? गुराख्यांनी दारूच्या गुत्त्याच्या मालकाला घोडे भरून द्यावेत. कारण नुकसान कोणाचं झालं, तर बाई ज्याची 'मालमत्ता' त्या मालकाचं. बायका संतापतात. तो समजुतीने सांगतो की ही पोरं काही पक्की बदमाश नाहीत, कष्टाळू आहेत, चुकली. त्याचा स्वर ऐका. एखादे काका घरातलं भांडण मिटवत असावेत तसा. अन्याय इतक्या घरगुती आवाजात होतो.

बक्षिसाच्या आशेने आलेल्या इंग्लिश बॉबला तो भर रस्त्यात लाथांनी तुडवतो, गावाला धडा म्हणून. नेड लोगनला फटके मारताना त्याच्या कानाशी जाऊन अगदी हळू बोलतो. नेड त्यातच मरतो. आणि या सगळ्याच्या अधूनमधून हा माणूस स्वतःच्या हातांनी घर बांधतो आहे. म्हातारपणी व्हरांड्यात बसून, पाइप ओढत सूर्यास्त पाहायचा आहे त्याला. घराचा एक कोन सरळ नाही. पावसात छप्पर गळतं, खाली भांडी ठेवलेली. पाहुणा आलेला लेखक गंमतीने म्हणतो की या सुताराला फाशी द्यायला हवी. हॅकमन एक क्षण नुसता पाहतो. त्या नजरेत राग आहे, आणि त्याच्याही खाली दुखावलेलं मूल आहे. ज्याच्या हाताखाली अख्खं गाव थरथरतं त्याला आपलं घर वाकडं आहे हे दिसत नाही, आणि कोणी दाखवलेलं सोसत नाही. खात्री असलेल्या माणसाचं इतकं नेमकं चित्र आम्हाला नीतिशास्त्राच्या पुस्तकांतही फारसं सापडलं नाही.

शेवटी विल्यम मनी त्याच्यावर बंदूक रोखतो. जमिनीवर पडलेला लिटल बिल म्हणतो की हे माझ्या वाट्याला यायला नको होतं, मी तर घर बांधत होतो. मनीचं उत्तर असं की कोणाच्या वाट्याला काय यायला हवं याचा इथे काही संबंध नाही.

आपल्यासारख्या कर्मसिद्धांतात वाढलेल्या प्रेक्षकाला हे उत्तर टोचतं. केलं त्याचं फळ मिळालं असं आपण म्हणू पाहतो, आणि सिनेमा म्हणतो, नाही. मारणारा मनीही काही धुतल्या तांदळासारखा नाही, त्याने पूर्वी बायका-मुलंही मारलेली आहेत. पण आमचं लक्ष मनीच्या उत्तराहून लिटल बिलच्या वाक्याकडे जातं. मरतानाही त्याला खरोखर कळत नाही. हॅकमन ते वाक्य भीतीने म्हणत नाही, तो तक्रार करतो. चुकीचं बिल आलेल्या गिऱ्हाइकासारखा. आपल्याला त्या क्षणी त्याची कीव येते, आणि तरी नेडचं प्रेत बाहेर उघड्या शवपेटीत उभं केलेलं आहे हे आपण विसरू शकत नाही. कीव आणि निवाडा, दोन्ही एकाच वेळी मनात राहतात.

म्हणजे मघाच्या प्रश्नाचं उत्तर असं देता येईल. समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. उलट, समजून घेतल्याशिवाय दिलेला निवाडा कच्चा असतो, कारण तो आपण भुतावर दिलेला असतो, माणसावर नाही. खलनायक राक्षस असला की आपली सुटका होते. मी राक्षस नाही, तेव्हा हे माझ्याबद्दल नाही. लिटल बिलसमोर ही पळवाट मिळत नाही. घर बांधणारे, शिस्त आवडणारे, आपण बरोबर आहोत असं वाटणारे आपण सगळेच आहोत.

आता शेवटाकडे. हॅकमनच्या कारकिर्दीत बाप हा विषय अगदी सुरुवातीपासून आहे. १९७० च्या 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर'मध्ये तो हेकट, प्रेम करणं अशक्य अशा म्हाताऱ्या बापाचा मुलगा होता. २००१ च्या 'द रॉयल टेननबॉम्स'मध्ये तो स्वतः बाप झाला, मुलांना सोडून गेलेला. दिग्दर्शक वेस अँडरसनने हे पात्र त्याच्यासाठीच लिहिलं होतं, आणि तो ते करायला फारसा उत्सुक नव्हता. का नसावा, हे डॅनव्हिलचा तो रस्ता आठवला तर तर्काने समजू शकतं. पण तो निव्वळ तर्क.

रॉयल टेननबॉम लबाड आहे. पोटाचा कर्करोग झाला आहे असं खोटं सांगून घरात परत शिरतो. पकडला जातो. लाजत नाही. नातवंडांना घेऊन रस्ते ओलांडायचे खेळ खेळतो, दुकानातून वस्तू लांबवायला शिकवतो. पण या कथेत हॅकमनचा माणूस पहिल्यांदाच, हळूहळू, आपली भूमिका सोडतो. मोठ्याने जाहीर करत नाही, रडत नाही. बायकोला घटस्फोट देतो, लिफ्ट चालवायची नोकरी धरतो, आणि गरज असेल तिथे हजर राहतो. शेवटी, बायको गमावलेला त्याचा मोठा मुलगा त्याला म्हणतो की हे वर्ष फार वाईट गेलं, बाबा. रॉयल फक्त एवढंच म्हणतो की मला माहीत आहे. हॅकमन तिथे काहीही करत नाही. मुलाकडे पाहतो, बस्स. स्वतःच्या बाजूने एक शब्द नाही. ज्या नटाने आयुष्यभर आपली बाजू सोडत नाहीत अशी माणसं रंगवली, त्याने बाजू ठेवून दिलेला माणूस इतक्या थोडक्यात दाखवला. तेराव्या वर्षी पाहिलेल्या त्या हाताचं उत्तर साठ वर्षांनी दिलं की काय, असं आम्हाला दर वेळी वाटतं. जो बाप नुसता हात हलवून गेला, त्याच्या जागी निदान एक बाप तरी थांबला.

२००४ च्या 'वेलकम टू मूसपोर्ट' या विनोदी सिनेमानंतर त्याने काम थांबवलं. हृदयाची तपासणी झाली, ताण नको असं ठरलं. समारंभ नाही, निरोपाचा सिनेमा नाही, पुनरागमन नाही. सांता फेमध्ये राहिला, चित्रं काढली, कादंबऱ्या लिहिल्या, आणि वीस वर्षं पडद्यावर आला नाही. पाच नामांकनं, दोन ऑस्कर, ऐंशीच्या आसपास कामं, एवढा ऐवज मागे ठेवून. आपल्याकडे याला कोणी वानप्रस्थ म्हणेल. आम्ही म्हणणार नाही, उगाच आपले शब्द त्याच्या अंगावर घालायला नकोत. पण भूमिका कधी उतरवायची हे त्याला कळलं होतं, एवढं खरं.

जाता जाता एक सुचवणं. या आठवड्यात वेळ मिळाला तर 'द कॉन्व्हर्सेशन' आणि 'अनफरगिव्हन' लागोपाठ पाहा. पाहताना पात्रं काय बोलतात याच्यापेक्षा हॅकमन इतरांचं बोलणं कसं ऐकतो, किंवा कसं ऐकत नाही, त्याकडे लक्ष द्या. आणि मग आपण घरात, कचेरीत, सोसायटीच्या सभेत 'माझी भूमिका अशी आहे' असं म्हणतो, तेव्हा आपण कुठे उभे असतो आणि आपल्या घराचं छप्पर कुठे गळतं आहे, हे जमलं तर पाहून घेऊ. आम्हीही पाहतो आहोत. फळ्यावरचा तो तिसरा रकाना इतकी वर्षं कोरा ठेवला, ही आमचीच चूक होती.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.